मधला ठोका

३ फेब्रुवारी
आलो एकदाचे! दोनच खोल्या, पण उजेड भरपूर आणि इस्पितळ चालत दहा मिनिटांवर. दादाची खाट खिडकीशी लावली. आजारपणात त्याची वाचा गेली, पापण्याही ऐकत नाहीत. उरले आहे उजव्या हाताचे एक बोट. ते माझ्या तळव्यावर एकदा टेकले की हो, दोनदा टेकले की नाही. इतके हळू, की डोळ्यांना दिसत नाही, फक्त कातडीला कळते. घर आवडले का, विचारले. नाही म्हणाला. खाट जरा फिरवून दिली, मग हो. आजारी पडला तरी खोड काही गेली नाही!

५ फेब्रुवारी
नोकरीचा पहिला दिवस. इथे कंप देणारे हातमोजे बनतात. माझे काम त्यांची पारख. हातावर पट्टा, त्यात मनगटाशी एक इवलीशी मोटर, कोपराशी दुसरी. दोन ठोके मनगटावर, लगेच तिसरा कोपरावर. कुठे जाणवले तिथे चित्रातल्या हातावर फुली मारायची. माझी दुसरी फुली बरोब्बर मधे पडली, जिथे मोटरच नाही. चाचणी घेणाऱ्या मॅडम हसल्या. म्हणाल्या, सगळ्यांचे असेच होते, दोन खऱ्या ठोक्यांमधली जागा मेंदू आपल्या मनाने भरतो. त्या मधल्याला इथे ‘पाहुणा’ म्हणतात. जेवणाच्या सुट्टीत सगळे एकमेकांना विचारत होते, काय गं, तुझा आज कुठे उतरला?

११ फेब्रुवारी
आज दोन्ही हातांत एकेक मोटर आणि मधे लाकडी पट्टी धरली. मधला ठोका पट्टीवर जाणवला. चक्क लाकडात! मॅडम म्हणाल्या, दोन टोके खरी असली की झाले, मधे काय आहे याच्याशी पाहुण्याला देणेघेणे नाही.
घरी येईपर्यंत तळवा झिणझिणत होता.

१६ फेब्रुवारी
दुपारी दादाला विचारले, खिडकी लावू का? दोन. म्हणून उघडी ठेवली. तासाभराने पाहते तर त्याचे पाय बर्फासारखे गार. तो हो म्हणाला होता. एकदाच. दुसरा ठोका माझाच होता.

१९ फेब्रुवारी
पाहुणा पट्टा नसतानाही येतो. दादाच्या एका ठोक्यामागून दुसरा, जरा फिका. मॅडमनी आठवडाभर सुट्टी दिली. म्हणाल्या, मनाला लावून घेऊ नका, फिका असेल तो सोडून द्या.
तसेच करते आहे. फिका वजा. जमते आहे बहुतेक.

२३ फेब्रुवारी
डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया करता येईल. वाचा येईल, नाहीतर दादाच जाईल. निर्णय त्याचा. पण त्याचे बोट फक्त मला कळते, तेव्हा मी सांगेन ते डॉक्टर लिहून घेणार.

२४ फेब्रुवारी
विचारले. दोन. दुसरा फिका.
पुन्हा विचारले. दोन. दुसरा — फिकाच वाटला. की दादा थकला होता?
तिसऱ्यांदा विचारायचा धीर झाला नाही. फिका वजा केला. हो सांगितले. सही केली.

२५ फेब्रुवारी, सकाळी दहा
आत नेले त्याला. मी बाहेर बाकावर. हातात काही नाही, कोणी नाही.
तळव्यावर दोन.

दहा वाजून पाच
पुन्हा दोन. दोन्ही सारखे. फिका एकही नाही —
भास म्हणावा तर टोके दोन्ही खरी लागतात. एक माझा हात. दुसरे —

परिचारिकेला म्हटले, थांबवा, तो नाही म्हणतो आहे. ती म्हणाली, अहो ताई, भूल दिली आहे त्यांना, बोटसुद्धा हलणार नाही आता. पाणी पिऊन घ्या जरा.

दार आतून बंद. ठोठावले. कोणी —

दोन.
दोन.
एक —
दुसरा अजून