कोंबडी माझ्या नावावर

७ ऑगस्ट, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. थोडक्यात.
मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं संमेलन यंदा युगांडात, आमच्या मसाक्यात, चोवीस तारखेपासून. आज कामं वाटली. मला वाटलं होतं मेन हॉल मला मिळेल. नाबुकेरा (सगळ्याची प्रमुख तीच) म्हणाली, भाषणं काय कोणीही लावेल, तू वर्किंग सेशन्स घे. म्हणजे कॉलेजच्या तीन वर्गखोल्या, जिथे लोक भाषणं न ऐकता एकत्र बसून खरोखर काम करतात. एवढी अवघड गोष्ट तिने मलाच दिली. सेमाम्बो हसत होता, पण तो कशालाही हसतो.
निश्चय: यंदा नुसत्या गप्पा नाहीत. संमेलन संपेपर्यंत कुकू आमच्या लुगांडा भाषेत बोलायला लागली पाहिजे.
कुकूबद्दल लिहून ठेवतो, पुढे इतिहासाला लागेल. कोंबडीवाला गणिताचा प्रोग्रॅम. केनियातल्या किसुमूच्या अचियेंगने लिहिला. कोणीही आपल्या भाषेत आणावा असा मोकळा. माझ्या आत्याच्या शाळेत चार लॅपटॉपवर आहे, पण इंग्रजीत, आणि तिची दुसरीची पोरं अजून लुगांडाच बोट ठेवून वाचतात. फेब्रुवारीत मी आत्याला शब्द दिला. त्याच दिवशी भाषांतराच्या साइटवर कुकूची सगळीच्या सगळी वाक्यं माझ्या नावावर राखून ठेवली. आता दुसरं कोणी हात घालून घोळ करू शकत नाही.
म्हणजे अर्धं काम झालेलंच आहे.

९ ऑगस्ट
आत्याचा फोन. कोंबडी बोलायला लागली का रे, म्हणाली. प्रोसेस चालू आहे म्हटलं. म्हणाली, फेब्रुवारीत एखादं अंडं उबवायला ठेवलं असतंस, तर एव्हाना त्या पिल्लाची कोंबडी होऊन तिने स्वतःची अंडी घातली असती.
आत्याला सॉफ्टवेअर कळत नाही.

११ ऑगस्ट, शुक्रवार
सेशन्सच्या बोर्डाचा प्लॅन केला. हिरवा कागद म्हणजे काम, पिवळा म्हणजे चर्चा, गुलाबी म्हणजे ब्रेक. ज्याला जे सेशन घ्यायचं त्याने कागद लिहून चिकटवायचा. दुकानात फक्त गुलाबी होते. सगळे गुलाबीच घेतले. उलट सोपं झालं.
सेशनचे नियम लिहिले. पहिला: आधी सगळ्यांची ओळख. दुसरा: ध्येय ठरल्याशिवाय लॅपटॉप उघडायचा नाही. बाकीचे उद्या टाइप करतो. हात दुखतोय.

१४ ऑगस्ट
संध्याकाळी कुकू घेऊन बसलो. नऊला वीज गेली. तसा सातलाच बसलो होतो, पण मधला वेळ नियमांच्या कागदासाठी फॉन्ट निवडण्यात गेला. वीज असती तर आज पन्नास वाक्यं सहज झाली असती.

१६ ऑगस्ट, बुधवार
सेमाम्बोचा मेसेज. त्याला आठवडाभर काम नाही, अर्धी वाक्यं मोकळी कर, घरी बसून करून टाकतो म्हणे. मी समजावलं, एका कोंबडीचा एकच आवाज पाहिजे, दोघांनी केलं तर तिची पर्सनॅलिटी फाटेल. तो म्हणाला, लुब्वामासाहेब, आमच्या कोंबड्यांना पर्सनॅलिटी नव्हती, म्हणून आम्ही त्या खाल्ल्या.
त्याचा स्पीड आहे, मान्य. पण स्पीड म्हणजे क्वालिटी नाही. आणि सगळं घरीच करायचं, तर सेशन कशाला?

१९ ऑगस्ट
दमलो. आज काही नाही.

२० ऑगस्ट, रविवार
अचियेंगने कळवलं, ती स्वतः येणार आणि सत्तावीसच्या संध्याकाळी सहाला कुकूची नवीन आवृत्ती बंद करणार. पूर्ण झालेली भाषा आत, अर्धवट बाहेर. मागच्या वेळी अर्धी फ्रेंच आत घेतली होती. कोंबडी मध्येच इंग्रजीत जायची आणि तिकडे काँगोत लुबुम्बाशीतली पोरं रडायची. यानंतरची आवृत्ती थेट वर्षाने.
मी लिहिलं, लुगांडाची काळजी करू नका. तिने विचारलं, किती राहिलंय. मी लिहिलं, आता फक्त टायपिंग.
तसं ते खरंच आहे. मनात सगळं तयार आहे.

२४ ऑगस्ट, गुरुवार
पहिला दिवस. कॉलेजचे चाव्यावाले गृहस्थ गावी कोणाच्या तरी मातीला गेले, चाव्या खिशात. सगळी सेशन्स व्हरांड्यात. नियमाप्रमाणे आधी ओळख. उत्तरेकडून, गुलूहून आलेल्या एकाने जन्मापासून सांगितलं. फार छान बोलला. तो शाळा सोडेपर्यंत जेवणाची वेळ झाली.
दुपारी चाव्या आल्या. कुकूचं सेशन आज होतं, पण ती खोली मी नकाशेवाल्यांना देऊन टाकली. नाबुकेरा म्हणाली, अरे, तुझंच एक काम अडलंय, आणि तू खोल्या वाटत सुटलायस. मी म्हटलं, यजमानाने शेवटी जेवायचं असतं. ती म्हणाली, शेवटी जेव, पण भांडी घासून झाल्यावर नको.
तिलाही ताण आहे. डोळे सुजलेत तिचे.

२५ ऑगस्ट, शुक्रवार
कुकूचं सेशन झालं. अकरा जण. कॉलेजच्या नान्टेझा बाई, त्यांचे विद्यार्थी, सेमाम्बो. अचियेंग मागे बसून ऐकत होती.
ओळख झाल्यावर ध्येय ठरवलं. मग पहिला शब्द घेतला: सेव्ह.
इथे अर्धं गाव चर्चमध्ये जाऊन सेव्ह झालेलं आहे, हे आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं. एक मुलगा म्हणाला, वाचवा असं लिहू. दुसरा म्हणाला, पोरं विचारतील कोंबडीला कोणापासून वाचवायचं. सेमाम्बो म्हणाला, रविवारपासून. नान्टेझा बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, हा शब्द तुमच्या बटणासाठी नाही. मग त्या स्वतः कशा सेव्ह झाल्या ते त्यांनी सांगितलं, कंपाला रोडवर, बसचा ब्रेक फेल झालेला असताना. दोघंजण रडले. मीही थोडा.
शेवटी सेमाम्बो म्हणाला, नुसतं ठेवून दे लिहा, माझी आई भात उरला की तेच म्हणते. सगळ्यांना पटलं. मी म्हटलं, घाई नको, यावर एक उपसमिती करू. तेवढ्यात वेळ संपली.
झालेली वाक्यं: शून्य. पण पाया घातला गेला. अचियेंगला विचारलं, कसं वाटलं. म्हणाली, बाईंची गोष्ट आवडली.

२६ ऑगस्ट, शनिवार
नीट लिहितो, कारण लोक उलटसुलट बोलतायत.
आज सकाळी कालच्यापेक्षा जास्त लोक आले, आपापले लॅपटॉप घेऊन. म्हणजे कालच्या सेशनचा परिणाम. पण खोलीत चालणारा प्लग एकच. जबाबदार माणूस म्हणून मी एक्स्टेन्शन बोर्ड आणायला स्वतः बोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर, बसून गावात गेलो. पहिल्या दुकानात नव्हता. दुसऱ्यात होता, पण पिन वेगळी. मग पार न्येंडोच्या बाजारात. तिथे भूक लागली, एक रोलेक्स खाल्लं, चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट. अंडी दोन घातली त्याने, त्यामुळे वेळ गेला. फोन बंद पडला होता.
इकडे ते साइटवर गेले, तर प्रत्येक वाक्यासमोर माझं नाव. मी सोडल्याशिवाय कोणाला एक अक्षर टाकता येईना. मला वीस फोन केले म्हणे. मग चार्ज संपून एकेक करून लॅपटॉपही बसले.
म्हणून त्यांनी माझे गुलाबी कागद घेतले आणि सगळं हाताने लिहिलं. एका कागदावर एक वाक्य, फक्त लुगांडातलं. आणि ते ओळीने, अचियेंगच्या यादीच्या क्रमाने, माझ्या बोर्डावर चिकटवले. बोर्ड पुरला नाही म्हणून भिंतीवर.
मी तीनला परत आलो, तेव्हा सगळे चहाला गेलेले. बघतो तर दुपारच्या सेशन्सचं वेळापत्रक पूर्ण झाकलेलं. लोक खोल्या शोधत फिरतायत. मी सगळे कागद व्यवस्थित काढले, कडा जुळवल्या, रबर लावलं आणि टेबलावर ठेवले.
सेमाम्बो आला. भिंतीकडे बघितलं, गठ्ठ्याकडे बघितलं. काही विनोद केला नाही. खाली फरशीवरच बसला.
मी म्हटलं, सगळे आहेत, एकही फाटलेला नाही. तो म्हणाला, हो रे, पण आता यातला कुठला कशाचा? हा बघ, यावर लिहिलंय ‘पुन्हा कर’. कुकूमध्ये ‘पुन्हा कर’ किती ठिकाणी आहे माहितीये तुला? मी म्हटलं, तूच सांग. तो म्हणाला, तुझ्या नावावर आहे ना सगळं.
नाबुकेरा सगळ्यांसमोर म्हणाली, आधी ती वाक्यं मोकळी कर. मी लगेच केली. पासवर्ड आठवायला थोडा वेळ लागला, इतकंच.
क्रमांक घाला असं कोणीच कोणाला सांगितलं नव्हतं. माझ्या नियमांत होतं ते. सहावा की सातवा नियम. तो टाइप करायचा राहिला होता.

२७ ऑगस्ट, रविवार
शेवटचा दिवस. सकाळपासून सेमाम्बो, नान्टेझा बाई आणि त्यांचे दोन विद्यार्थी फरशीवर कागद पसरून एकेक वाक्य जुळवतायत. बाईंनी चर्च बुडवलं. मी पंखा लावला, तर कागद उडाले. बाई म्हणाल्या, बाळ, तू बाहेरची कामं बघ.
बाहेरची कामं पण आहेतच की. चारला ग्रुप फोटो होता. फोटोत सगळे पाहिजेत, नाहीतर पुढे कोण म्हणेल की आपण मिळून काम केलं. त्या चौघांना बोलवायला मीच गेलो. सेमाम्बो म्हणाला, आम्हाला फोटोत नको, थोडंच राहिलंय. मी ऐकलं नाही. हाताला धरून आणलं. उंच लोक पुढे उभे होते, ते मागे केले. मग वाटलं सगळे आहेतच, तर सेशन्सबद्दल दोन शब्द बोलावेत. मी थकलेला असताना चांगलं बोलतो. बरंच बोललो.
सहाला अचियेंगने आवृत्ती बंद केली. शेवटचं पान राहिलं होतं, उत्तर चुकल्यावर येणारं.
मी तिला गाठलं. म्हटलं, एकच पान. ती बॅग भरत होती. म्हणाली, तेच पान पोरांना सगळ्यात जास्त दिसतं. अर्धा तास असता तर झालं असतं. मग म्हणाली, काल त्यांनी ते लिहिलेलं मी भिंतीवर वाचलं होतं. छान होतं.
मग किसुमूची बस होती तिची.
सेमाम्बोने कागद पिशवीत भरले. मी म्हटलं, एकूण संमेलन यशस्वी झालं. तो म्हणाला, झोप जा.
फोटो चांगला आलाय. मी मध्ये आहे.

२८ ऑगस्ट
झोपलो. आत्याचे दोन फोन. उचलले नाहीत. वीजच बेभरवशाची, तर माणूस काय करणार.

३ सप्टेंबर
सेमाम्बोने ते राहिलेलं पान गेल्या सोमवारीच पूर्ण केलं म्हणे. आता लुगांडा शंभर टक्के झाली. पुढच्या आवृत्तीत येईल. वर्षाने. कशाला एवढी घाई करायची, मला कळत नाही.

२१ सप्टेंबर, गुरुवार
शाळा उघडली. नवीन आवृत्ती घेऊन आत्याकडे गेलो. इंग्रजीतली, पण रंग जास्त चांगले आहेत. आत्या वाक्यं-बिक्यं काही विचारत बसली नाही. ये, म्हणाली, पाणी पी, लाव.
चारही लॅपटॉपवर घातली. पोरं तुटून पडली. इतकी हसत होती की मला बरं वाटलं. मी आत्याला म्हटलं, बघ, इंग्रजी म्हणून काही अडत नाहीये. किती आवडतंय त्यांना.
आत्या म्हणाली, उत्तरं बघ त्यांची.
बघितली. सगळी चूक. तीन अधिक दोन, नऊ. चार अधिक एक, शून्य. ज्यांना येतं तीसुद्धा चूक. मी म्हटलं, पोरांना शिकवायला हवं नीट. आत्या म्हणाली, शिकवलंय. पाटीवर बरोबर करतात. पण उत्तर चुकलं तरच कोंबडी पडद्यावर येते, पंख झटकते आणि खाली काहीतरी लिहिलेलं येतं. बरोबर आलं की नुसता पुढचा प्रश्न. खाली काय लिहिलंय ते कोणाला कळत नाही. पोरांना वाटतं ते तिचं नाव. म्हणून मुद्दाम चुकतात. तिला भेटायला.
पुढच्या बाकावर एक मुलगी होती, दात पडलेली. तिने मला हात धरून बसवलं. पडद्यावर दोन अंडी अधिक दोन अंडी. तिने आधी बोटांवर मोजलं, चार बोटं मला दाखवली. मग सात दाबलं. कोंबडी आली.
म्हणाली, काका, ही इनकरेक्ट.
मी म्हटलं, हो. छान आहे.