कंबर ठणठणीत आहे

१२ नोव्हेंबर, बुधवार

तीर्थरूप आईस,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता बरा आहे, असं धाकटा फोनवर म्हणाला. ऐकून बरं वाटलं. तू पाठवलेला कंबरेचा पट्टा पोचला. वॉर्डातल्या मावशींना देऊन टाकला, त्यांची कंबर खरंच दुखते.

माझी दुखत नाही. रजा कशासाठी घेतली ते मी तुला सांगितलं, तेव्हा तू आधी म्हणालीस, "हळू बोल." मग मामीपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना सांगून मोकळी झालीस की पोरीची कंबर धरलीय. आता जो तो मला तेलं सुचवतोय.

आमच्या मेट्रनबाई तुझीच बहीण शोभतील. म्हणाल्या, "मनाच्या डॉक्टरांकडे जायचंय ना? मग ओपीडी संपल्यावर मागच्या दाराने जा. तुला इन्चार्ज करायचं चाललंय. त्या बाकावर कुणी पाहिलं तर पोस्ट गेलीच समज."

काल गेले. पुढच्या दाराने, भर गर्दीत. रजेवर असूनही मुद्दाम युनिफॉर्मला इस्त्री केली आणि घालून गेले. लोकांना वाटलं, नावं पुकारायला आलीय. एका आजोबांनी विचारलं, "सिस्टर, आमचा नंबर कधी?" म्हटलं, "माझ्या आधी आहे तुमचा. लवकर आटपा म्हणजे झालं." त्यांनी क्षणभर बघितलं आणि सरकून मला जागा दिली.

मेट्रनबाई समोरून दोनदा गेल्या. दुसऱ्यांदा डोळे वटारले. मी उठून गुड मॉर्निंग म्हटलं आणि परत बसले. पोस्ट गेली तर गेली.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तू म्हणशील. आई, मूठ आवळून आवळून माझा हात दुखायला लागलाय.

आता तुला न सांगितलेलं सांगते. उन्हाळ्यात वॉर्डात एक पेशंट गेला. मी त्याचं तोंड पुसलं, चादर सारखी केली, घरच्यांना आत बोलावलं. सगळं नीट केलं. आणि मला त्याचा हेवा वाटला. वाईट नाही वाटलं, हेवा वाटला. त्यानंतरही मी रोज कामावर जात होते, पेशंटना हसवत होते. घरी आले की बूटसुद्धा न काढता भिंतीकडे तोंड करून पडायचे. काल हे डॉक्टरांना सांगितलं. ते दचकले नाहीत. गोळ्या सुरू केल्यात.

असं पडलेलं माणूस मी आधी पाहिलंय. आपल्या मधल्या खोलीत. "आईला पित्त झालंय, आवाज करू नका," बाबा सांगायचे, आणि आम्ही दोघं चोरपावलांनी वावरायचो. वर्षानुवर्षं पित्त? मी पित्ताचे पुष्कळ पेशंट पाहिलेत गं. ते भिंतीकडे तोंड करून रडत नाहीत.

मला बरं व्हायचंय, आणि तेही चोरून नाही. मामीला खरं सांग. तुझ्याने होत नसेल तर मी सांगते, मला आता लाज वाटत नाही.

पुढच्या मंगळवारी परत बोलावलंय. तू सोमवारच्या गाडीने ये. गुडघा बरा आहे, तेव्हा ती सबब चालायची नाही. बाकावर तुझ्यासाठी जागा धरून ठेवते.

तुझी,
कंबर शाबूत असलेली
थोरली