परतीचा आहेर आधी

प्रिय प्रियंका,

लिहिल्यावर बघतो तर दोनदा प्रिय झालं. राहू दे. सोबतचं पुडकं आत्ता फोडू नकोस, आधी हे वाच. तू फोडायला घेतलं असशीलच. ठेव खाली.

सोलापूरच्या जत्रेचा, गड्ड्याचा, माझा दुसरा फेरा झाला. मैदानातले पाळणे उतरले, मौत का कुआँच्या फळ्या ट्रकात चढल्या. ट्रकचा ड्रायव्हर ओळखीचा निघाला. म्हणाला, "चल की धुळा, पुढची जत्रा लांब हाय, मजा यील." माझा एक पाय उचललाच होता. पण मंगळवेढ्याच्या स्टँडवर एसटीच्या खिडकीखाली उभी राहून तू जे म्हणाली होतीस ते आठवलं. "तुझ्या पायाला भिंगरी हाय. सोलापुरात एका जागी टिकून सलग दोन गड्डे बघून दाखव. मग काय इचारायचं ते इचार." मी करमाळ्याच्या ढाब्यावर किती टिकलो, कोंबड्यांच्या गाडीवर किती, हे तुला पाठ. त्यामुळे हा प्रश्न आपल्याला कधी ऐकावाच लागणार नाही अशी तुझी खात्री असणार. तर ऐकावा लागणार आहे. पण आधी टिकलो कसा ते सांगतो, कारण माझं मलाच अजून पटत नाही.

सात रस्त्याला बॅटरीच्या दुकानावर जिना आहे, तिथं इंद्रजीतदादाचं ऑफिस. मी वर गेलो तो फोन चार्ज करायला. दादा पूर्वी लग्नपत्रिका छापायचा. लोक मोबाइलवर पत्रिका पाठवायला लागले तसा धंदा बसला, मग तो बटणं करायला लागला. शर्टाची नव्हेत, तू शिवणकामवाली म्हणून सांगतो. फोनवर गाणारे, चित्रं काढणारे, रांगोळी शिकवणारे असतात ना, ज्यांच्यामागं कुठली कंपनी नसते, त्यांच्या पानावर बघणाऱ्यानं पैसे द्यायचं बटण. त्याचा रंग काय, आकार काय आणि मुख्य म्हणजे त्यावर लिहायचं काय. दादा म्हणतो, "दाबल्यावर काय होणार, ते बटणावरच कळलं पायजे. नुसतं 'पुढे जा' लिहिलं तर माणूस विचारतंय, कुटं?" फोन चार्ज होईपर्यंत मी त्याच्या तीन बटणांना नावं ठेवली. दादा म्हणाला, मग तूच लिही. असा लागलो. मला नोकऱ्या अशाच लागतात, सुटतातही अशाच.

मग पावसाळ्यात आली मायाक्का. तुमच्याच बाजूची, साठीची बाई, हळदीची गाणी म्हणते. नातू व्हिडिओ काढतो आणि बघणारे म्हणशील तर जत्रेएवढे. पण मुलगा रोज टोचायचा, "फुकटचं काय गातीस? घसा बसंल तुजा." तिला मुलाचं तोंड बंद करायचं होतं. दादा मला म्हणाला, "अक्काचं बटण तुझ्यावर. चाललं तर तू हितं, न्हाय तर रस्ते सात हायत, कुटला पण धर." म्हणजे बघ, माझा दुसरा गड्डा एका बटणाला टांगलेला.

पहिलं बटण मी लाल केलं आणि लिहिलं, "अक्काला मदत करा." पैसे आले नाहीत, पाहुणे आले. अक्काच्या घरी शहाळी आणि बिस्किटपुड्यांची रांग. कोण म्हणे किडनी, कोण म्हणे पडली. एक नणंद तर दारातूनच गळा काढत आली, आणि अक्का परसात शेळीला पाला टाकत होती. अक्का एसटी धरून थेट ऑफिसात. "का रं, मला काय झालंय? दवाखान्यात घातलंस व्हय मला?" बिस्किटं मात्र घेऊन आली होती. आम्ही आठवडाभर चहाबरोबर तीच खाल्ली.

चहावरून सुचलं म्हणून दुसऱ्यांदा लिहिलं, "अक्काला चहा पाजा." शहरात चालतं म्हणे असलं. आपल्याकडं कुणी चहाचे पैसे देतं होय? खाली सगळ्यांनी लिहिलं, "या की घरला अक्का, चहा काय, जेवूनच जावा." आणि अक्का गेली! माणसानं बोलावल्यावर न जाणं तिला जमत नाही. घरोघर फुल कप. तिसऱ्या दिवशी पित्तानं आडवी. नणंद पुन्हा गळा काढत आली, यावेळी रास्त कारणानं. दादा माझ्याकडं न बघता म्हणाला, "कपडे भरून ठिव."

पिशवी खरंच भरली. पिशवी भरताना मला उगाच बरं वाटतं, ते तुला माहीत आहे. तळाला घालायला जुना कागद हवा होता, म्हणून दादाच्या पत्रिकांचा गठ्ठा ओढला, आणि प्रत्येकीवर खाली तेच, "कृपया आहेर आणू नये." मी म्हटलं, दादा, हे 'नये' काढून टाकलं तर? अक्का लग्नाचीच गाणी म्हणते. गाणं ऐकलं म्हणजे माणूस मांडवातच आला की. मांडवात मदत कोण करतं, आहेर करतात. मग हळदीच्या रंगाचं बटण केलं, वर "आहेर करा", आणि खाली बारीक अक्षरात, "पुढच्या गाण्याआधी अक्का तुमचं नाव पुकारेल."

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी अक्कानंच चूक काढली. आम्ही आकडे ठेवले होते पन्नास आणि शंभर. "आरं, वरचा रुपाया कुटं हाय? नुसत्या शंभराचा आहेर कोण करतंय, दुखवट्याला आल्यागत?" एक्कावन्न आणि एकशे एक केलं, आणि पिंकं, संध्याकाळपर्यंत फोन टिंग टिंग करून तापला. (पिंकी म्हटलेलं तुला आवडत नाही, हात पुढं गेला.) मुलाचं तोंड बंद झालं. आता तोच व्हिडिओत मागं हलगी वाजवतो.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण आहेर घेतला की परतीचा आहेर करावा लागतो, हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही. अक्काच्या आलं. सोमवारी ती टॉवेल-टोप्यांचं आणि ब्लाऊजपिसांचं गाठोडं घेऊन हजर. "पत्ते काड सगळ्यांचे." दादानं कपाळाला हात लावला. "अक्का, ह्यो धंदा हाय का बस्ता?" ती म्हणाली, "एक्कावन्न घिऊन गप बसू? नाव काय राहील माजं?" मी मधे पडून एक चौकोन घातला, "परतीचा आहेर नको." ज्याला नको त्यानं तिथं खूण करायची. सगळ्यांनी केली, एकूण एक. मी आनंदानं अक्काला दाखवलं, तर ती माझ्याकडं कीव आल्यासारखी बघायला लागली. "लेकरा, नको म्हणायचीच असती रीत. नको म्हणतंय त्याला आदी द्यायचं."

तर आता टॉवेल जातात. दुबईला गेला, नागपूरला गेला. लोक टॉवेल मिळतो म्हणून जास्त आहेर करतात, त्यात टॉवेलचा खर्चही निघतो आणि अक्काचाही. दादा रोज ओरडतो की मी बटणांचा माणूस, माझं टॉवेलचं दुकान केलं. पण पत्ते लिहायला कुणीतरी लागतं, आणि अक्काला माझ्याशिवाय कुणाचं अक्षर चालत नाही. दहावीत मास्तरांनी ज्या अक्षराला मुंगळ्यांची मिरवणूक म्हटलं होतं, तेच. असा मी टिकलो. पिशवी अजून भरलेलीच आहे, फक्त तिच्यावर आता टॉवेलचे गठ्ठे बसलेत.

आता विचारायचं ते. वर्षभर दुसऱ्यांनी काय दाबावं ते लिहिलं, स्वतःचे दोन शब्द लिहिता येईनात. "विचार कळव" लिहिलं तर बँकेतनं आल्यासारखं वाटलं. मग दादाचा नियम धरला, हो म्हटल्यावर काय होणार ते आधी सांगायचं. ते असं होणार: खोली एक, सात रस्त्यामागं. पाणी चार दिवसांआड येतं, पण पिंप मोठं घेतलंय. खिडकीखाली तुझं शिलाई मशीन बसतं, वितीनं मोजलंय. मी मधूनच कुठंतरी बघत बसेन, पण संध्याकाळी घरी येईन. लग्न करशील माझ्याशी? आता पुडकं फोड. त्यात खण आहे आणि टॉवेल आहे, अक्कानं बांधून दिलाय. म्हणाली, परतीचा आहेर आधी धाडू, पोरगी रीतीची असंल तर बघंल काय करायचं ते. मी तिला म्हटलं, नको म्हणायची रीत टॉवेलापुरती. तू नको म्हणालीस तर मी ते नकोच धरीन, पुन्हा विचारणार नाही. टॉवेल मात्र ठेव, परत पाठवलास तर अक्का दोन धाडेल. आणि हो म्हणणार असलीस तर लिहीत बसू नकोस. खण शिवून अंगात घाल आणि सकाळच्या गाडीनं ये. मी स्टँडवर असेन. यावेळी खिडकीखाली मी उभा राहतो.

तुझाच,
अजून सोलापुरातच,
धुळा