गव्हाच्या डब्यावरची रेघ

आत्याबाई, तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. तशी वेळच आली नाही. लग्न होऊन आले त्या दिवसापासून तुम्ही जाईपर्यंत आपण दोघी एकाच घरात, एकाच चुलीपुढं राहिलो. पत्रं जायची ती तुमच्या लेकाला. विट्याकडच्या कितीतरी घरांसारखं आपल्याही घरातला कर्ता माणूस दूर दक्षिणेत गलाईच्या दुकानात सोनं गाळत बसलेला, घरी यायचा तो दिवाळीला. मी लिहायला बसले की तुम्ही शेजारी येऊन टेकायच्या आणि सांगायच्या, "लिव्ह, म्हातारी बरी हाय, काळजी करू नगंस." तुम्हाला वाचता येत नव्हतं. मी काय लिहिते ते तुम्ही कधी विचारलं नाही. त्यातल्या एका पत्राबद्दल आज सांगायचं आहे, पण आधी माझ्या पोरीचं दुखणं सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

पोर दीड वर्षाची होईपर्यंत चांगली होती. मग पोट सुटलं ते सुटलंच. हातपाय काडीसारखे, पोट तेवढं नगाऱ्यासारखं. परसाकडं गेली की घरभर वास सुटायचा. दुष्काळ नुकताच सरला होता, गावात बारकी पोरं बरीच होती, त्यामुळं सुरुवातीला कुणाला काही वेगळं वाटलं नाही. पण आपल्या घरात तर दूध होतं, तूप होतं, रोजची चपाती होती. तुम्हाला त्या चपातीचा लई अभिमान. सगळं गाव भाकरी खात होतं तेव्हा आपल्या तव्यावर गहू असायचा, आणि पोरीला दुधात कुस्करलेली चपाती तुमच्याच हातची लागायची. तुम्ही नजर काढली, अंगारा लावला, शिराळ्याकडच्या कुणा वैद्याचं औषध आणलं. पोर पाच वर्षांची झाली आणि वजन तीन वर्षांच्या मुलीएवढंही भरेना, तेव्हा माझा भाऊ साताऱ्याहून आला आणि आम्हा मायलेकींना मिरजेला घेऊन गेला.

मिरजेच्या डॉक्टरांनी बाकी सगळं सोडून एकच विचारलं. पोर काय खाते? मी मोठ्या तोऱ्यात चपाती म्हणून सांगितलं. ते म्हणाले, हिच्या आतड्याला गहू सोसत नाही. गहू, रवा, मैदा, शेवया, पाव, बिस्किट, सगळं बंद. ज्वारी, बाजरी, तांदूळ, नाचणी काय हवं ते द्या. मात्र चपातीचा एक तुकडासुद्धा पोटात गेला तर पुन्हा पहिल्यासारखं होईल. शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं. मी एसटीत बसून विट्यापर्यंत ते मनाशी घोकत आले.

तुम्हाला सांगितलं तर तुम्ही हसलात. "गव्हानं कुणाला काय झालंय व्हय? श्रीमंताचं खाणं ते. त्या डाक्टरला काय म्हाईत?" मग थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता म्हणालात, "का तुलाच चपात्या लाटायचा कंटाळा आलाय?" आत्याबाई, ते वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. त्या दिवसापासून मी तुमच्या हाताकडं बघायला लागले.

पोरीला ज्वारीची भाकरी, भात, ताक सुरू केलं. महिनाभरात फरक पडला, पण पुरता नाही. चार दिवस बरी असायची, पोट मऊ पडायचं, अंगणात खेळायची, आणि मग एकाएकी पुन्हा तेच. मी एका वहीत रोज काय खाल्लं, किती वेळा परसाकडं गेली, ते लिहायला लागले. दोन महिन्यांची पानं उलटून पाहिली तर स्पष्ट दिसलं. बाजाराचा दिवस झाला की दुसऱ्या दिवसापासून त्रास, दोन-तीन दिवस टिकायचा, मग उतरायचा. पुढचा बाजार झाला की पुन्हा. आणि बाजाराला घरातून कोण जायचं? तुम्ही. पदराच्या टोकात चुरमुऱ्याची पुडी बांधून आणायच्या आणि पोरीला हाक मारून सोप्यात घेऊन बसायच्या.

मग मी काय काय केलं ते तुम्हाला कळलं होतं की नाही, देव जाणे. तुम्ही आलात की मी पुडी सोडून एकेक चुरमुरा बोटानं चाळायची. पोर तुमच्या मांडीवरून उठली की तिच्या तोंडाचा वास घ्यायची, नखं बघायची, परकराचा ओचा झटकायची. आपल्या दोघींपुरत्या चपात्या मोजून करायची आणि टोपलीत किती उरल्या ते बघायची. गव्हाच्या पिठाचा पत्र्याचा डबा होता ना, त्याच्या आतल्या अंगाला मी कोळशानं रेघ ओढून ठेवायची, पीठ कुठवर आहे त्याची. कधी रेघ जुळायची, कधी वाटायचं दोन बोटं खाली गेलं. तुम्ही शेजारणीशी हळू बोललात तरी मला वाटायचं, माझ्यावरच चाललंय. पोरीला मी बाजूला घेऊन विचारायची, "आजीनं काय दिलं?" ती म्हणायची, "कुरमुरं." मी पुन्हा विचारायची, तिसऱ्यांदा विचारायची. एकदा दंडाला धरून इतकं विचारलं की ती रडत म्हणाली, "दिली, चपाती दिली." मला पाहिजे होतं तेच ती म्हणाली, आणि मी सुटले बाई म्हणून भिंतीला टेकून बसले.

तरीही लगेच बोलले नाही. खात्री करायची म्हणून पोरीला घेऊन माहेरी गेले, पाटणच्या वरच्या अंगाला. तिथं गिरणी नव्हती. माझी आई जात्यावर नाचणी दळायची, भात असायचा. वीस दिवस राहिले. वीस दिवसांत पोरीचं पोट एकदाही बिघडलं नाही. गालाला रंग आला, मामाच्या मागं बांधावरून पळायला लागली. आईनं विचारलं, "सासरी असं काय होतं गं हिला?" मी म्हणाले, "सासरी सासू आहे."

परत आले आणि आठवडाभरात पोर पुन्हा आडवी झाली. त्या सकाळी तुम्ही चुलीशी शेंगा भाजत होता. मी वही घेऊन तुमच्यासमोर उभी राहिले. तुम्हाला वाचता येत नाही हे ठाऊक असून पानं उघडून दाखवली. म्हणाले, "आत्याबाई, पोरीला चपाती कोण चारतंय?"

"कोण चारंल? मी न्हाई."

"पोरीनं स्वतः सांगितलंय."

तुम्ही उलथनं खाली ठेवलंत. "मी न्हाई दिली, सूनबाई. तू न्हाई म्हणालीस तवापास्नं न्हाई दिली. पोरीच्या जिवावर मी उठंन व्हय?"

मी म्हणाले, "मग माहेरी ती बरी कशी राहिली?"

उत्तर मला ठाऊक आहे असं मला वाटत होतं. शेंगा जळल्याचा वास यायला लागला. शेवटी तुम्ही उठून सोप्यात गेलात. त्यानंतर तुम्ही स्वयंपाकघरात पाय ठेवला नाही. मी ताट बाहेर आणून द्यायची. पोर धावत आली की तुम्ही दोन्ही हात पाठीमागं घ्यायच्या आणि म्हणायच्या, "आईकडं जा बाय, माज्याकडं काय न्हाई." ती तुमच्या पाठीमागं जाऊन मुठी उघडून बघायची. तिला तो खेळ वाटायचा.

त्याच आठवड्यात मी ते पत्र लिहिलं. तुम्ही नेहमीसारख्या शेजारी येऊन टेकलात, जरा लांब. म्हणालात, "लिव्ह, म्हातारी बरी हाय." मी मान डोलावली आणि लिहिलं, तुमच्या आई चोरून पोरीला गहू देतात, विचारलं तर खोटं बोलतात, तुम्हीच काय ते बघा. तुमच्यासमोर लिफाफा चिकटवला. दिवाळीला हे आले ते तुमच्या पाया न पडता आधी तुमच्याशी बोलायला बसले. काय बोलले ते मी आतून ऐकलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "तुला तसं वाटत असंल तर तसं."

तुम्ही स्वयंपाकघर सोडलं, बाजार सोडला, चुरमुरे आणणं सोडलं. आत्याबाई, तरीही पोरीचं पोट बिघडतच राहिलं. शहाण्या बाईला तिथंच कळायला हवं होतं. मी मात्र म्हणाले, शेजारणीच्या हातानं देत असतील.

माघातली गोष्ट. बाजाराचा दिवस होता. दळण मी नेहमी त्याच दिवशी न्यायची, कारण गावातली वीज त्या दिवशी नक्की असायची आणि तुम्ही बाजाराला गेलात की मला घराबाहेर पडता यायचं. पुढं तुम्ही जायचं सोडलंत तरी माझा दिवस तोच राहिला. गिरणीत गर्दी होती. आसपासच्या वाड्यांतली माणसं बाजाराला यायची तेव्हा दळण घेऊन यायची. माझ्या आधी कुणाचा तरी गव्हाचा मोठा डबा होता. तो संपला आणि गिरणीवाल्यानं जातं न थांबवता माझी ज्वारी वर ओतली. मी आजवर बायकांशी बोलत उभी राहायची. त्या दिवशी बोलायला कुणी ओळखीचं नव्हतं, म्हणून खाली बघत होते. माझ्या डब्यात आधी पिवळसर, मऊ पीठ पडलं. मग हळूहळू रंग बदलला आणि ज्वारी यायला लागली.

मी विचारलं, "हे काय पडलं?"

"आधीचं आसतंय की वयनी जात्यात," तो म्हणाला. "दर येळंला येतंया मूठ-दोन मुठी. गव्हाचं आलं, तुमचा फायदाच झाला."

घरी येऊन मी तो डबा नेहमीसारखा पिंपात उलटा केला. तळाचं गव्हाचं पीठ वर आलं. पहिल्या दोन-तीन दिवसांच्या भाकऱ्या त्या पिठाच्या. मग खालची निव्वळ ज्वारी. वही काढायची गरजच राहिली नाही. पोरीला गहू मी चारत होते, आत्याबाई, माझ्या हातानं, दर आठवड्याला.

ते सगळं पीठ मी गाईला घातलं. पडवीतलं जुनं जातं धुऊन, वाळवून आत आणलं. तुम्ही सोप्यातून बघत होता. विचारलंत, "जातं कशाला?" मी म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलंय, घरीच दळायचं." तुम्ही उठलात, पदर खोचलात आणि खुंटा धरून बसलात. बाळंतपणापासून माझी कंबर धरलेली, म्हणून पोरीचं दळण पुढं तुम्हीच दळलंत, हात उचलेनासे होईपर्यंत. पोर भरली. शाळेत गेली, धावण्यात पहिली आली. तुम्ही तिला भाकरीचा पापुद्रा काढून द्यायला लागलात, पण आधी माझ्याकडं बघून.

शेवटच्या आजारात एकदा तुम्ही विचारलंत, "त्यावक्ती पोरीला कुणी दिलं व्हतं, कळलं का गं पुढं?" मी तुमचे पाय चेपत होते. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "जाऊ द्या आता, मी काही मनात ठेवलेलं नाही." तुम्ही डोळे मिटलेत. मी तुम्हाला माफ केल्यासारखं बोलले, आणि तुम्ही ते घेतलंत.

का नाही सांगितलं, याचा इतकी वर्षं विचार केला. लाज होती हे खरं. पण लाज महिन्याभरात ओसरली असती. खरं हे की तुम्ही सोप्यात गेल्यापासून स्वयंपाकघर माझं झालं होतं. कोणती भाजी, किती तेल, कुणाला काय वाढायचं, कुणाला विचारावं लागत नव्हतं. ह्यांची पत्रं माझ्या नावानं यायला लागली होती. तुम्ही निर्दोष ठरलात तर ते सगळं परत द्यावं लागलं असतं. हेही गेले, तुमच्याबद्दल तेच मनात घेऊन.

मागच्या रविवारी लेक पुण्याहून आली होती. पन्नाशीच्या पुढं गेली आता. तिच्यासाठी वेगळी पिठं, वेगळी बिस्किटं पाकिटातून मिळतात. सगळे जेवत असताना तिनं तिच्या सुनेला हसत सांगितलं, "माझी आजी मला चोरून चपाती चारायची, मरता मरता वाचले मी." सून हसली, नातू हसला. मी ताटात भात कालवत राहिले.

हे पत्र तुमच्यापर्यंत जायचं नाही हे मला कळतं. लेकीला द्यावं असं दोनदा मनात आलं, एकदा तर घडी घालून तिच्या पिशवीपर्यंत हात नेला. नाही दिलं. या वयात तिच्यासमोर खोटी पडायची मला अजून भीती वाटते, आत्याबाई. तुमचं नाव खराब राहिलं तर मला चालतं.