ताई, आधी मेन बंद करा

दिघी,
रविवार, दुपार

प्रिय जहीर,

पाकिटावरचं अक्षर बघून म्हणाला असशील, हा बाबा अजून आहे होय! आहे राव. त्याच दोन खोल्यांत आहे, चाकणच्या त्याच कंपनीत आहे, आणि पोट तेवढं सुटलंय. फोन करता आला असता. तुझा नंबर व्हिडिओच्या खाली असतोच. पण फोनवर तू मला बोलूच देणार नाहीस. 'जाऊ दे ना राव' म्हणशील आणि मीही लगेच जाऊ देईन. सहा वर्षं मी तेच करत आलोय. तुझ्या हाताबद्दल एक गोष्ट तुला माहीत नाही आणि मला माहीत आहे. ती आज लिहायचीच असं ठरवून बसलोय. वाचून झाल्यावर मला मित्र म्हणायचं की नाही, ते तुझं तू ठरव. सोबतचं पुडकं मात्र पत्र संपेपर्यंत उघडू नकोस, एवढं ऐक माझं.

आधी एक छोटी लबाडी कबूल करतो, म्हणजे पुढचं लिहायला हात जरा सैल होईल. तुझ्या 'घरच्या घरी' चॅनलवर मोशीच्या कुणी कस्तुराताई दर आठ-पंधरा दिवसांनी काहीतरी विचारत असतात ना? नळ टपकतोय, मिक्सर गप्प झालाय, कम्प्युटर चालू करताना शिट्ट्या मारतोय? त्या कस्तुराताई म्हणजे मी. नाव माझ्या गावच्या आत्याचं, तिला बिचारीला यातलं काही ठाऊक नाही. दोन वर्षं तू मला ताई म्हणतोयस, आणि मी इकडून हात जोडलेलं चित्र पाठवतोय. पहिल्यांदा तुझं उत्तर आलं तेव्हा मी बसमध्ये एकटाच हसलो. मग खिडकीकडे तोंड करून बसलो, कारण शेजारी पेंटशॉपचा बुद्धरत्न होता आणि त्याने विचारलं असतं तर सांगायला काही नव्हतं.

तू म्हणशील, मेंटेनन्सच्या माणसाला नळाचा वायसर बदलता येत नाही का? येतो की. पण तुझ्याशी बोलायला दुसरं निमित्त नव्हतं. खालचा कॉक बंद करा, नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या, आणि मोरीच्या जाळीवर फडकं टाका म्हणजे स्क्रू आत पडणार नाही, असं तू लिहिलंस. ते फडक्याचं मला खरंच सुचलं नव्हतं, आजवर तीन स्क्रू मी गटारात घालवलेत. मिक्सरच्या बुडाशी लाल बटण असतं, तो तापला की ते बाहेर येतं, पिन काढून पाच मिनिटं थांबायचं आणि मग ते दाबायचं, हे तू सांगितल्यावर मी घरी प्राजक्तासमोर असा भाव खाल्ला की विचारू नकोस. एकदा तर विचारायला काहीच उरलं नाही म्हणून कपाटाचं दार घासतंय असं लिहिलं. तू सांगितलंस, कडेला मेणबत्ती घासा. पण त्याच्याही आधी लिहिलंस, ताई, आधी मेन बंद करा. अरे, कपाटाच्या दाराला मेन कशाला? इतर लोक खाली हसले. मी नाही हसलो.

कम्प्युटरचं मात्र मला खरोखर येत नव्हतं. कंपनीने माझ्यापुढे एक जुना डबा आणून ठेवला, मशीनच्या सगळ्या नोंदी त्यात करायच्या म्हणे, आणि तो चालू करायला गेलं की तीन शिट्ट्या मारून काळा पडायचा. तू लिहिलंस, वायर काढा, वायर काढल्यावर चालूचं बटण एकदा दाबून आतला करंट जाऊ द्या, पत्र्याला हात लावा, मग रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात शाळेच्या खोडरबरने पुसा. शाळेच्या खोडरबरने! मला वाटलं चेष्टा करतोयस. पोरीच्या कंपासपेटीतला रबर नेला, पुसलं, बसवलं, आणि डबा चालू. सगळ्या ऑफिसने मला डॉक्टर म्हणायला सुरुवात केली. तुझं नाव मला सांगता आलं नाही जहीर. तिथे तुझं नाव वेगळ्याच कामाला वापरतात, ते पुढे लिहितो.

आणि ते फोटोंचं. पोरीच्या वाढदिवसाचे फोटो माझ्या हातून कार्डावरून पुसले गेले, प्राजक्ता दोन दिवस बोलेना. तू लिहिलंस, कार्ड आत्ताच्या आत्ता कॅमेऱ्यातून काढा आणि त्यावर नवा एकही फोटो काढू नका. 'पुसलेलं लगेच जात नाही ताई. त्याच्यावर दुसरं काही लिहिलं गेलं तरच जातं.' तू दिलेल्या त्या प्रोग्रॅमने बहुतेक सगळे फोटो परत आले. पण तुझं ते वाक्य मी पूर्ण शिफ्टभर डोक्यात घेऊन फिरत होतो. दुपारी जेवलोही नाही.

आता कुलपाकडे येतो. आपलं काम कसं होतं ते तुला सांगायला नको, पण मला पहिल्यापासून लिहू दे, नाहीतर मी मधलंच काहीतरी गाळीन. मशीनच्या आत हात घालायचा तर पॅनलवर आपलं लाल कुलूप लावायचं, त्याला नाव, तारीख आणि वेळ लिहिलेला टॅग अडकवायचा, किल्ली आपल्या खिशात. ज्याने लावलं त्यानेच उघडायचं, दुसऱ्या कुणीही नाही. आणि एकदा तू कुलूप तसंच ठेवून घरी गेलास, आठवतं? लाइन दीड तास उभी, सुपरवायझरचा थयथयाट, आणि तू कुरुळीहून तोंडातला घास तसाच ठेवून गाडीवर आलास. दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता आपण दोघांनी जादा किल्ल्या बदलून घेतल्या. तुझी माझ्याकडे, माझी तुझ्याकडे. नियमात बसत नव्हतं, पण जोडीदारावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर ठेवायचा, असं तूच म्हणालास. सोयरीक जमल्यासारखे खूश होतो आपण. ही अक्कल दुसऱ्या कुणाला सुचली नसती.

त्या दिवशी तुझा रोजा होता. मे महिना, शेडमध्ये नुसती भट्टी. कन्व्हेअरचं बेअरिंग बदलून झालं होतं, तू म्हणालास एक-दोन बोल्ट आवळतो, आणि मी हत्यारं ठेवायला गेलो. परत आलो तर तू कुठे दिसेना. दोन वाजले होते, त्या वेळेला तू रोज स्टोअरच्या मागे नमाज पढायला जायचास. मला वाटलं, काम उरकून गेला. पॅनलवर तुझं कुलूप होतं.

होतं, जहीर. तुझं कुलूप पॅनलवर होतं.

मी एकदा हाक मारली. प्रेसच्या आवाजात ती मलाच ऐकू आली नाही. दुसरी मारली नाही, वाकून खाली बघितलं नाही. सुपरवायझर मागून ओरडत होता, आणि मला वाटलं, पठ्ठ्या मागच्यासारखा विसरून गेला, आता नमाजातून कशाला उठवायचं. तुझी किल्ली माझ्या खिशात होतीच. कुलूप काढलं, टॅगसकट खिशात घातलं आणि मेन चालू केला. तू पट्ट्याखाली होतास. तुझी किंकाळी ऐकली आणि मी पट्टा थांबवायची दोरी ओढली. तुला बाहेर काढलं तेव्हा तू बेशुद्ध होतास, आणि उजव्या हाताची तीन बोटं कुठे होती ते मी पाहिलंय. ते कुणाला सांगितलेलं नाही, तुलाही सांगणार नाही.

हॉस्पिटलमधून परत येताना खिशात हात घातला तर कुलूप. तेव्हाच जाऊन सांगायला हवं होतं. पण मी पुढच्याच महिन्यात पर्मनंट होणार होतो, प्राजक्ताला सातवा महिना होता, आणि खरं सांगायचं तर ही कारणं मी नंतर जुळवली. त्या घटकेला मी फक्त घाबरलो. चौकशीत मी म्हणालो, पॅनलवर कुलूप नव्हतं म्हणून चालू केलं. त्यांनी लिहून टाकलं, कामगाराने कुलूप हरवलं आणि ते न लावताच तो आत शिरला. तू शुद्धीवर आलास तेव्हा तुला त्या अर्ध्या तासातलं काही आठवत नव्हतं. सगळे सांगत होते, तू मान हलवलीस. मी तुझ्या खाटेपाशीच उभा होतो.

त्यानंतर तुझी आई मला भेटली. रहमतबी माझा हात डोळ्यांना लावून म्हणाल्या, माझ्या लेकाला तू ओढून काढलंस. पुढची तीन वर्षं ईदला शीरखुर्म्याचा डबा घरी येत राहिला. प्राजक्ता आणि पोर खायची, मी पोट बिघडलंय म्हणायचो. मग मीच तुमच्याकडे येणं बंद केलं, डबाही बंद झाला. तुला वाटलं असेल, पर्मनंट झाला, शिष्ट झाला. तसंच वाटू दे, असं मला वाटायचं.

कंपनीत तुझं नाव कशाला वापरतात ते आता लिहितो. दर वर्षी सुरक्षा सप्ताहात नव्या पोरांना 'जहीरची केस' शिकवतात. कुलूप न लावणाऱ्याचं काय होतं, ते. आणि शिकवतो कोण? प्रत्यक्ष पाहिलेला माणूस म्हणून मी. सहा वर्षं मी माईक हातात धरून सांगतोय की तू कुलूप लावलं नाहीस. यंदा एका मुलीने विचारलं, सर, इतका अनुभवी माणूस असं कसं विसरला? मी म्हणालो, चूक कुणाच्याही हातून होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

यानंतरही कदाचित मी गप्पच राहिलो असतो. मी काय आहे ते मला आता नीट माहीत आहे. पण मागच्या शुक्रवारचा तुझा व्हिडिओ पाहिला. इस्त्रीची वायर बदलून दाखवत होतास, डाव्या हाताने, स्क्रू ओठात धरून. कुणीतरी खाली विचारलं होतं, भाऊ, हाताला काय झालं? आजवर तू ते टाळायचास. या वेळी सांगितलंस. म्हणालास, चूक माझीच, मी कुलूप लावलं नव्हतं, जोडीदाराचा काही दोष नाही, उलट त्याच्यामुळे वाचलो. मग कॅमेरा धरणाऱ्या तुझ्या फरहीनने विचारलं, अब्बा, तुम्हाला आठवतं का खरंच, विसरल्याचं? तू हातातली वायर खाली ठेवलीस. आणि म्हणालास, 'नाही आठवत बेटा. म्हणून तर दुकानाचं शटर लावून गेल्यावर तीन-तीनदा परत येऊन बघतो. माझा माझ्यावरच भरवसा राहिला नाही.' त्यानंतर तू किल्ल्यांचा जुडगा दाखवलास. शटरच्या दोन किल्ल्या आणि तिसरी ती छोटी पितळी, कंपनीच्या कुलपाची. ही आठवण म्हणून ठेवलीय म्हणालास, जे कुलूप लावलंच नाही त्याची. तुझी बोटं मला परत देता येणार नाहीत. पण तुझा स्वतःवरचा भरवसा मीच नेलाय, आणि तो त्या कुलपासोबत माझ्या ट्रंकेत सहा वर्षं पडून आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

काल कंपनीत सेफ्टीच्या रविराजसाहेबांना मी सगळं लेखी दिलं, सहीनिशी. माझ्याकडची तुझी किल्लीही त्यांच्याकडे जमा केली. प्राजक्तालाही सांगितलं. नोकरीचं काय व्हायचं ते होईल. तुझी चौकशी पुन्हा उघडायला लागली तर बोलावतील तिथे मी येईन. माफी मागत नाही, ती मागायला समोर यायला हवं आणि तू बोलावल्याशिवाय मी येणार नाही. आता पुडकं उघड. तुझं कुलूप आहे, बंद करून पाठवलंय. त्या जुडग्यातली छोटी किल्ली लाव, लागेल. टॅगही तसाच आहे. कोपऱ्यावर माझ्या बोटाचं ग्रीस आहे, मधलं अक्षर स्वच्छ दिसतंय. तुझ्या उजव्या हाताचं अक्षर आहे जहीर. फरहीनला वाचायला दे, मोठ्याने: 'काम चालू आहे. मेन चालू करू नये. जहीर. १६ मे, दुपारी १.४०.' तू विसरला नव्हतास.

तुझाच, अजून म्हणू देणार असशील तर,
ज्ञानेश