चित्रण उपलब्ध नाही

तुमसर,
दि. ८ डिसेंबर २०२४

प्रिय रेणू,

मोठ्या भावानं धाकट्या बहिणीला आशीर्वाद लिहायचे असतात. माझा हात धजत नाही, म्हणून नमस्कार लिहितो.

आई बरी आहे. गुडघे दुखतात, तरी सकाळी उन्हात बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरते. आंधळगावात आपल्या गल्लीत आता दोनच माग चालतात. धान निघालं, त्यामुळे मिलमध्ये तिन्ही पाळ्या सुरू आहेत आणि फाटकाबाहेर ट्रॅक्टरांची रांग सिहोऱ्याच्या रस्त्यापर्यंत जाते. थंडी यंदा लवकर पडली.

हे पत्र मी मुख्य कचेरीतल्या करुणा मॅडमच्या हाती देतोय. तुझा पत्ता कंपनीच्या कागदांत आहे, पण तो पाहायचा अधिकार मला आता नाही. आधी त्या तुला विचारतील. तू नको म्हणालीस तर फाडून टाकतील. म्हणजे हे तू वाचत असशील, तर तू हो म्हणालीस. एवढ्यावरून मी दुसरं काही धरून चालत नाही.

तुला माहीत आहे ते आधी लिहितो. ते सोपं आहे.

मे महिन्यात नागपूरच्या मुख्य कचेरीनं ठरवलं, की आपल्या मिलच्या पॅकिंगमध्ये दोन जागा तृतीयपंथी उमेदवारांना द्यायच्या. मिलचा कार्मिक अधिकारी म्हणून मला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. परत आलो तो शर्टावर सात रंगांचा बिल्ला लावून, त्यावर ‘सोबती’ असं लिहिलेलं. तक्रार अधिकारीही मलाच नेमलं. कँटीनच्या भिंतीवर पोस्टर मीच लावले. खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. आठ वर्षांपूर्वी तुला मोहाडीच्या बसस्टँडवर नेऊन नागपूरच्या गाडीत बसवणारा मी, आणि घरी येऊन आईला ‘स्वतःच्या मनानं गेला’ असं सांगणाराही मीच, हे त्या दोन दिवसांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. किंवा आलं आणि मी बसू दिलं नाही.

मुलाखतीला तू तिसरी होतीस. दारातून आत येतानाच्या चालीवरून मी ओळखलं. करुणा मॅडमनी घरी कोण कोण असतं ते विचारलं. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि म्हणालीस, “आई आहे. बाकी कोणी नाही.” मी फाईलमध्ये मान घातली. त्या दिवशी सगळ्यांत कमी गुण मी तुला दिले होते, हे मात्र तुला माहीत नाही. निवड मॅडमनी केली.

जिल्हाधिकारी कार्यालयाचं प्रमाणपत्र तू घेऊन आली होतीस. त्यावर रेणू असं स्वच्छ लिहिलेलं होतं. ओळखपत्र त्याच नावानं काढता आलं असतं. प्रशिक्षणात मिळालेल्या कागदांत ते ठळक अक्षरांत होतं. मी तुला सांगितलं, आधार बदलून आणा, मग बघू. आणि गळ्यात दिवसभर घालायच्या कार्डावर ‘भूषण’ छापलं. पंधरा दिवसांत पॅकिंगमधले तुला त्या नावानं हाका मारायला लागले. मुद्दाम जाड आवाजात, लांबवून. कँटीनमध्ये मला ते ऐकू यायचं.

तुमच्यासाठी बांधायच्या वेगळ्या स्वच्छतागृहाचं काम जोत्यापर्यंत येऊन थांबलं होतं. जेवणाच्या सुट्टीत तू फाटकाबाहेर पेट्रोलपंपापर्यंत चालत जायचीस. माझ्या खिडकीतून रस्ता दिसतो.

ऑगस्टमध्ये पाळीच्या सुपरवायझरनं मला वजनकाट्यापाशी विचारलं, “साहेब, हे तुमच्या आंधळगावची हाय म्हनते. ओळखता काय?” मी म्हणालो, गाव मोठं आहे, मी नाही ओळखत. तू पाच पावलांवर पोत्यांना शिलाई मारत होतीस. मशीन चालू होतं. तुला ऐकू गेलं की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

तीन ऑक्टोबरचं मी लिहीत नाही. तुला ते माझ्याकडून वाचायची गरज नाही. चार वाजता तू माझ्या खोलीत आलीस. कुर्त्याची बाही खांद्यापासून उसवलेली होती आणि एका पायात चप्पल नव्हती. तू बसली नाहीस. “साहेब, तक्रार लिहून घ्या,” म्हणालीस. तिघांची नावं सांगितलीस. मी लिहून घेतलं. मग तू विचारलंस, “बारदान्याच्या गोदामाबाहेर कॅमेरा आहे न?” मी हो म्हणालो.

चौकशी मी सतराव्या दिवशी लावली. ते तिघं म्हणाले, गंमत चालली होती, हा स्वतःच पडला. अहवालात मी लिहिलं, ‘चित्रण उपलब्ध नाही.’ तुला समजावलं, की पंधरा दिवसांनी यंत्र जुनं आपोआप पुसून टाकतं. ते खरंच होतं. तू सही केलीस, कार्ड माझ्या टेबलावर ठेवलंस आणि गेलीस. सतरावा दिवस कोणी निवडला, ते तू विचारलं नाहीस.

आता तुला माहीत नाही ते.

नोव्हेंबरच्या वार्षिक कार्यक्रमात मला ‘उत्कृष्ट सोबती’ म्हणून मानचिन्ह दिलं. दोन शब्द बोलायला सांगितलं. मी तुझ्यावर बोललो. नाव न घेता म्हणालो, की माझी एक बहीण आहे, जन्मली तेव्हा भाऊ होती, आणि आमचं घर तिच्या पाठीशी उभं राहिलं. कुणी डोळे पुसले. तुला ढकलणारा एक जण तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता.

जेवताना करुणा मॅडम जवळ आल्या. म्हणाल्या, तुमच्या बहिणीला पुढच्या वेळी बोलवू, नाव काय त्यांचं? कुठलंही नाव सांगता आलं असतं. का सांगितलं नाही, ते मलाही कळत नाही. मी म्हणालो, “रेणू.”

त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं. “आपली रेणू?”

मी मान हलवली. मग त्यांनी एकच विचारलं, चित्रण खरंच गेलं होतं का. मी म्हणालो, गेलं होतं. तेव्हाही एवढंच म्हणालो.

त्याच आठवड्यात आईला कळलं. गावातल्या ललिताबाई मिलमध्ये झाडलोट करतात. त्यांनी तुला पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं, पण माझ्या धाकानं गप्प होत्या. तू गेल्यावर त्यांना राहवलं नाही. मी संध्याकाळी घरी आलो तर आई दारातच बसली होती.

“माहं लेकरू चार महिने तुह्या कंपनीत होतं,” ती म्हणाली, “अन् तू रोज घरी येऊन जेवत होता. मले काहून नाही सांगतलं?”

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि अंगणात जाऊन बसते.

दुसऱ्या दिवशी मी नागपूरला गेलो आणि करुणा मॅडमसमोर बसून जबाब लिहिला. तोच तुलाही लिहायचा आहे. इतकी पानं मी त्याच्याभोवती फिरतोय.

रेणू, मी ते चित्रण पाहिलं होतं. तिसऱ्या दिवशी, रखवालदाराला चहाला पाठवून, त्याच्या खोलीत एकट्यानं. चार मिनिटांचं होतं. गंमत नव्हती. कोणी काय केलं, कार्ड ओढून ते हातवारे करत कोणी वाचलं, सगळं दिसतं. आवाज नाही. शेवटी तू उठून बसतेस आणि वर कॅमेऱ्याकडे पाहतेस. हे पाहणारा मीच असणार, हे तुला माहीत होतं. मला वाटतं, तू माझ्याकडेच पाहत होतीस.

मी ते बंद केलं. उतरवून ठेवायला दोन मिनिटं लागली असती. ते पुढे गेलं तर चौकशी होईल, तुझं गाव निघेल, घर निघेल, मग मी निघेन, एवढंच माझ्या डोक्यात होतं. नंतर रोज कॅलेंडरवर दिवस मोजत होतो.

मला निलंबित केलंय. चौकशी पुन्हा उघडली आहे, या वेळी बाहेरच्या वकीलबाई ती करतायत. त्या तिघांना कामावरून दूर ठेवलंय. पण खोटी आशा देत नाही. चित्रण परत येणार नाही. पुरावा म्हणून माझा शब्द आहे, आणि समोरचा म्हणेल की हा माणूस खोटारडा आहे. त्यात तो खोटं बोलणार नाही.

स्वच्छतागृह पूर्ण झालं. नऊ दिवस लागले. नऊ दिवसांचंच काम होतं. तुझं कार्डही मॅडमनी रेणू नावानं छापून घेतलंय. ते त्यांच्याकडे आहे. तू परत यावंस असं त्याही म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही. जबाब द्यायचा असेल तर फोनवर देता येईल, नसेल तर कोणी आग्रह करणार नाही.

आईला तुला भेटायचं आहे. तू चालेल म्हणालीस तर ललिताबाई तिला नागपूरला घेऊन येतील. दिवस आणि जागा तू मॅडमना सांग, मला कळवू नकोस. मी सोबत येणार नाही.

माफ कर असं या पत्रात मी कुठंही लिहिलेलं नाही. ते चुकून राहून गेलेलं नाही.

अंकुश