नाशपातीच्या लाकडाची माता

मी, पाद्री बाल्दिरी रोकाब्रुना, राहणार कोल्देरा, कॅटलोनिया, पाय सुजलेले पण डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या हट्टाने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. आत्मा ज्याचा त्याला परत. बाकीची व्यवस्था अशी.

घर, अंगणातलं अंजिराचं झाड आणि कोंबड्या बहीण उर्सुला हिच्या. माझ्यापायी बिचारीने जन्मभर कागदांच्या गठ्ठ्यांतून वाट काढली. खेचर टेकडीवरच्या देवळाची राखण करणाऱ्या ब्रिजिदाबाईंना. ते चावतं, पण त्याही कमी नाहीत.

आमच्या मुलखातल्या मरियामातेच्या तीर्थस्थानांचं पुस्तक मी गावोगावच्या पाद्र्यांना पत्रं धाडून जमवलं. एक पान सोडून ते तयार आहे. ते छापून घेण्याचं काम पाद्री एउदाल्द सोलान्येस यांच्याकडे सोपवतो. आमचं हाडवैर पंचक्रोशीला ठाऊक आहे, पण छपाईच्या चुका त्यांच्याइतक्या कोणाला दिसत नाहीत.

अडलंय ते ब्रिजिदाबाईंच्या देवळाचं पान. बहुतेक गावांच्या कथेत बैल खुराने माती उकरतो आणि खाली मातेची मूर्ती सापडते. इथे बैलच नाही. आणि बिशपसाहेबांनी बजावलंय, चमत्काराविना पुस्तकात नाव नाही, आणि पुस्तकात नाव नसेल त्या देवळाला कुलूप.

एउदाल्द म्हणाले, "घाला की एक बैल! कोणाच्या बापाचं काय जातंय?"

ब्रिजिदाबाई कडाडल्या, "बैल गेला खड्ड्यात, पाद्रीबाबा! माझ्या पणजीनं कोरलीय ती मूर्ती, नाशपातीच्या लाकडातून. टेकडीवरच्या पोटुशा बायांना खालच्या देवळापर्यंत चालवत नव्हतं म्हणून. हे लिहायची लाज वाटते होय?"

मला वाटत नाही. एवढी पत्रं वाचली, पण डोळे भरून आले ते याच हकिकतीने. म्हणून अट अशी, की ते पान बाईंनी सांगितलं तसंच छापावं. बैल घातल्यास सगळे कागद उर्सुलाने चुलीत सारावेत, तिला आनंदच होईल. बिशपसाहेब भुवया उंचावतील, पण त्यांनाही आई होती. ते देवळाचं नाव पुस्तकात राहू देतील, अशी माझी खात्री आहे.

साक्षीदार: पोन्स विलार्दाग, पाणचक्कीवाला, नार्सिस कोमा, लोहार.
सही: बाल्दिरी रोकाब्रुना
कोल्देरा, ९ सप्टेंबर १६५४

जबाबदारी मान्य. सही करण्याआधी आज टेकडीवर जाऊन आलो. दिवस भरलेली एक बाई मूर्तीचे पाय धरून बसली होती. बाईंच्या पानात काही वाढवावं असं वाटलं नाही.
एउदाल्द सोलान्येस